कुत्र्याला घेऊन पायी प्रवास



वसंत ऋतूतल्या या ज्ञानसत्रात इतिहासावर, अर्थकारणावर, संतवाङ्मयावर व्याख्याने व्हावीत हे रीतीला धरूनच आहे. त्यांच्या पंक्तीला कुत्र्याने येऊन बसावे, हे मात्र काहींना रुचणार नाही. "कुत्र्याला घेऊन चार-सहा दिवसांचा पायी प्रवास कसा आखावा" हा विषय मी सुचवला, तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी मला सौजन्याने विचारले, "यात तासभर बोलण्यासारखे आहे काय?" माझे उत्तर असे की, यात पुष्कळ आहे. कारण ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी बेत आखणे ही सगळ्यांत अवघड आखणी होय.

आपल्याकडच्या एका फार प्रसिद्ध पायी प्रवासात कुत्रा आहे, याची आठवण प्रथम करून देतो. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पाच पांडव आणि द्रौपदी राज्य सोडून निघाले, तेव्हा एक कुत्रा त्यांच्या मागोमाग निघाला. ही मंडळी थेट हिमालयात गेली, अशी पुष्कळांची समजूत असते. तसे नाही. ती आधी पूर्वेला गेली, मग समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला, तिथून पश्चिमेला बुडालेल्या द्वारकेपर्यंत, आणि मग उत्तरेला वळली. म्हणजे भरतखंडाची प्रदक्षिणाच झाली. एवढ्या वाटेत द्रौपदी पडली, चौघे भाऊ एकामागून एक पडले. कुत्रा पडला नाही. शेवटी इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, स्वर्गात कुत्र्यांना जागा नाही. आजही लॉजचा व्यवस्थापक नेमके हेच म्हणतो! धर्मराजाने उत्तर दिले ते सर्वांना ठाऊक आहे. जो विश्वासाने आपल्या मागे आला त्याला टाकून मिळणारा स्वर्ग मला नको, असा त्या उत्तराचा आशय आहे. माझे आजचे भाषण म्हणजे त्या उत्तराचा व्यावहारिक तपशील आहे असे समजा.

पुराणातून खाली उतरून आपल्या मुलुखात आलो, तर कुत्र्यांसह लांबचा प्रवास करणारे खरे जाणकार म्हणजे मेंढपाळ धनगर. पावसाळा देशावरच्या कोरड्या मुलुखात काढून दसरा-दिवाळीनंतर त्यांचे वाडे घाट उतरून कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याच्या आत परत फिरतात. मेंढरे, घोडी, लेकरे, कोंबड्या आणि कुत्री असा सगळा संसार चालत असतो. पुढच्या मुक्कामी पाणी कुठे, चारा कुठे, कोणाच्या शेतात मेंढरे बसवायची, हे जाणता माणूस आधी पाहून येतो. बायका घोड्यांवर बिऱ्हाड घालून पुढे जातात आणि मुक्काम मांडतात. एका दिवसाची मजल किती, हे त्या वाड्यातल्या धडधाकट गड्याच्या पायांवर ठरत नाही. मेंढराच्या आणि कालच जन्मलेल्या कोकराच्या पायांवर ठरते. आपण शहरातली माणसे नेमके उलटे करतो. आपली सुट्टी किती, आपला उत्साह किती, यावर मजल ठरवतो आणि मग कुत्र्याला पट्टा बांधून "चल" म्हणतो.

आणि तो चालतो! सगळी अडचण इथेच आहे. माणूस थकला की कुरकुरतो, घोडे अडते, गाढव तर बसूनच घेते. कुत्रा धन्याच्या मागे राहणे सहसा सोडत नाही. पाय सोलले तरी शेपूट हलते. त्यामुळे "त्याला आवडले, तो आनंदाने आला" हा पुरावा धरता येत नाही. जो कधी नाही म्हणत नाही, त्याच्या वतीने "नाही" म्हणण्याची जबाबदारी आपल्यावर येते. आजच्या भाषणात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच. बाकीचे सगळे या एका गोष्टीतून निघते.

आता शरीराकडे वळू. आपल्याला अंगभर घाम येतो आणि तो वाळताना अंग गार होते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ तळव्यांपुरता. त्याची भिस्त धापेवर. जीभ बाहेर काढून भराभर श्वास घ्यायचा आणि तोंडातल्या ओलाव्याच्या वाफेबरोबर उष्णता बाहेर टाकायची. हवा दमट असली की वाफ होणे मंदावते, म्हणजे कोकणात हे यंत्र देशावरच्यापेक्षा कमी चालते. कुत्र्याच्या अंगाची स्वाभाविक उष्णता सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस. ती ४१ च्या वर गेली की जिवावरचे दुखणे समजावे. जीभ रुंद होऊन लोंबू लागली, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल लटपटली, सावली दिसताच तो तिकडे ओढू लागला, की त्याचे हेच बोलणे समजावे. अशा वेळी डॉक्टरची वाट पाहत बसू नये. सावलीत नेऊन सर्वांगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा, आणि मग दवाखाना गाठावा. आधी गारवा, मग गाडी, हा क्रम.

म्हणून पहिला प्रश्न, कोणाला न्यायचे? पग किंवा बुलडॉगसारखी चपट्या नाकाची जात अशा प्रवासाला नेऊ नये. तिचा श्वासमार्गच तोकडा असतो. वाढीच्या वयाचे पिल्लू नेऊ नये. वर्षाच्या आत, आणि मोठ्या हाडापेराच्या जातीत दीड वर्षाच्या आत, हाडांची टोके अजून कच्ची असतात. म्हाताऱ्याला घरच्या अंगणात सुखाने बसू द्यावे. आपला गावठी कुत्रा, आखूड केसांचा, लांब नाकाचा, मध्यम अंगाचा, या हवेला फार चांगला. पण गावठी असला तरी गादीवर लोळणारा गावठी आणि रानात फिरणारा गावठी यांत अंतर आहे. सहा-आठ आठवडे तयारी हवी. रोज पाच किलोमीटरपासून आरंभ करावा, हळूहळू वाढवावे, आणि निघण्यापूर्वी लागोपाठ दोन दिवस प्रवासाइतकी चाल करून पाहावी. खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी सकाळी होते. तो उठताना आळोखेपिळोखे देऊन उठतो की पाय आखडून उठतो, ते पाहावे.

तत्त्व फार झाले. आता एक प्रत्यक्ष वाट घेऊ. रायगड जिल्ह्यातल्या हरिहरेश्वरापासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरुडपर्यंत समुद्राच्या बाजूने जाणारी वाट. नकाशा पाहून धट्टाकट्टा तरुण म्हणेल, "तीन दिवसांत उरकू." कुत्रा बरोबर असेल तर मी पाच दिवस धरतो, आणि ते का, ते सांगतो.

ऋतू मार्गशीर्ष-पौषाचा, म्हणजे डिसेंबर-जानेवारी. पावसाळ्यात चिखल, गोचिडी आणि भातखाचरांतल्या पाण्यातून होणारा लेप्टोचा ताप, फाल्गुनानंतर ऊन. लेप्टोची लस कुत्र्यांसाठी मिळते, ती दोन-तीन आठवडे आधी टोचून घ्यावी. थंडीच्या दिवसांतही चालण्याची वेळ पहाट फुटल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत आणि पुन्हा चारनंतर. मधला दिवस झाडाखाली. म्हणजे दिवसाकाठी चालायला मिळतात पाच-सहा तास, आणि त्यात दर तासाला थांबणे आले. बारा-पंधरा किलोमीटर पुष्कळ झाले.

पहिली मजल हरिहरेश्वराहून बागमांडल्याला, तिथून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला, आणि बाणकोटवरून वेळासला. बोटीचा लोखंडी तळ उन्हात तापतो आणि यंत्राचा आवाज कुत्र्याला नवा असतो. म्हणून सकाळची फेरी धरावी, चटईचा तुकडा जवळ ठेवावा आणि गाड्या उतरून गेल्यावर आपण उतरावे. बाणकोटचा किल्ला चढावाचा आहे. तो पाहायचा तर एकाने वर जावे, एकाने कुत्र्याजवळ सावलीत बसावे.

वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. पण अलीकडे त्याची ख्याती झाली ती कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री पुळणीवर येऊन वाळूत अंडी घालतात. पूर्वी ही अंडी माणसे नेत, कोल्हे आणि कुत्री उकरून खात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती राखण्याचे काम सुरू केले. आता विचार करा. आपल्या लाडक्याचे नाक दीड फूट वाळूखालचे अंडे हुंगून काढण्याइतके तिखट. आणि आपण तिथे जाणार नेमक्या त्याच महिन्यांत. म्हणून वेळासच्या पुळणीवर पट्टा सुटता कामा नये, आणि रात्री तर कुत्र्याला तिकडे नेऊच नये. पुळण पाहिली की त्याला मोकळे सोडून धावताना पाहावे, असे आपल्याला वाटते. परंतु एका घरट्यात शंभराच्या आसपास जीव असतात. आपल्या घटकाभराच्या कौतुकाची ती किंमत होऊ नये.

वेळासहून केळशीकडे जाताना मध्ये भारजा नदीची खाडी आडवी येते. होडी मिळाली तर वाट जवळची. न मिळाली तर नदीच्या आतल्या अंगाने मोठा वळसा. माणसाच्या बेतात हा वळसा म्हणजे थोडी जास्त तंगडतोड. कुत्र्याच्या बेतात तो एक अख्खा दिवस आहे. म्हणून मी या टप्प्याला पहिल्यापासून दोन दिवस देतो. होडी मिळाली तर वाचलेला दिवस केळशीला विसावा. वारकऱ्यांची पालखी पुण्याला, सासवडला मुक्काम वाढवते तो उगाच नाही; पुढच्या वाटेचे बळ त्या मुक्कामात साठते.

इथल्या सड्यांविषयी दोन शब्द बोलतो. जांभ्या दगडाचा सडा सकाळी नऊपर्यंत सोबती असतो, अकरानंतर तो तवा होतो. आपल्या पायात जोडा असतो, त्यामुळे आपल्याला कळत नाही. परीक्षा सोपी आहे. हाताची पालथी बाजू दगडावर टेकवावी आणि सावकाश सातपर्यंत मोजावे. हात काढून घ्यावासा वाटला तर कुत्र्याने तिथे चालू नये. जांभा खरखरीत, त्यामुळे तळवे घासले जातात. रोज संध्याकाळी चारी पंजे धुऊन, बोटांमधल्या बेचक्या उघडून पाहाव्यात. खडा, काटा, गोचीड तिथेच लपते. सड्यावरच्या दगडांखाली फुरसे राहते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. दगड हुंगत, खाली नाक घालत जाण्याची सवय सड्यावर मोडावी लागते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालणारी जी सर्पदंशाची लस माणसाला देतात, तीच पशुवैद्य कुत्र्यालाही देतो. ती जवळ कुठे मिळेल याची चौकशी निघण्यापूर्वी करून ठेवावी.

केळशीहून आडे गावावरून आंजर्ले. दुपारचा विसावा आड्याला. शेवटची मजल आंजर्ल्याहून हर्णै आणि मुरुड. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो. तिथे वाळूत काटे, गळ, जाळ्यांचे तुकडे आणि गावच्या कुत्र्यांचा मोठा जमाव असतो. ती वेळ टाळून वरच्या रस्त्याने जावे. कोळ्यांनी जाळ्यातून काढून टाकलेला केंड मासा किनाऱ्यावर वाळत पडलेला असतो. तो विषारी आहे आणि कुत्र्याला त्याचा घास जिवावर बेततो. तसेच समुद्राचे पाणी. तहानलेला कुत्रा ते पितो आणि ओकाऱ्या-जुलाबांनी आणखी कोरडा पडतो. म्हणून पुळणीवर उतरण्यापूर्वी गोडे पाणी पोटभर पाजून घ्यावे. मुरुडला पोचलो की चालणाऱ्याने एका माणसाची आठवण जरूर करावी. याच गावचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत शंभर मैलांहून अधिक वाट पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही! त्यांना आपल्या इच्छेने चालता येत होते आणि आपला निश्चय बोलून दाखवता येत होता. आपल्या सोबत्याला यांतले दुसरे येत नाही.

आता ओझ्याचा हिशेब. अठरा किलोचा कुत्रा धरा. घरी बसून त्याला दिवसाला सुमारे एक लिटर पाणी लागते. चालण्याच्या दिवशी दोन लिटर धरावे. वाटेतल्या विहिरींवर भरवसा ठेवला तरी एका वेळी एक लिटर पाठीवर हवेच. अन्न नेहमीच्या दीडपट. ते चालण्याच्या तोंडावर देऊ नये. भरल्या पोटी धावपळ केली तर मोठ्या छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. सकाळी थोडे, मुख्य जेवण मुक्कामी, दम खाऊन झाल्यावर. त्याच्याच पाठीवर पिशव्या लादण्याची फॅशन आली आहे. या हवेत मी ती करू देणार नाही. ओझे आपण घ्यावे. आणि आपल्या फराळाच्या पिशवीत त्याला विष ठरणारे पदार्थ असतात हे ध्यानात असू द्या. चॉकलेट, द्राक्षे आणि बेदाणे-मनुका, कांदा-लसूण, आणि बिनसाखरेच्या च्युइंगगममधले झायलिटॉल. आपण प्रेमाने पुढे केलेल्या मूठभर बेदाण्यांनी त्याची मूत्रपिंडे बिघडू शकतात.

इथवर आपण कुत्र्याचा विचार केला. पण वाट त्याच्या एकट्याची नाही. गावात शिरताना गावची कुत्री अंगावर येतात. तो त्यांचा मुलूख आहे. पट्टा आखूड धरावा, धावू नये, काठी उगारू नये, आणि दिसेल त्या माणसाला "काका, जरा तुमच्या कुत्र्यांना हाक मारा" म्हणावे. एका हाकेने जे होते ते दहा दगडांनी होत नाही. शेळ्या-करडे दिसली की थांबून कळप जाऊ द्यावा. पिसाळण्याची भीती लोकांच्या मनात असते आणि ती खुळी नाही. म्हणून रेबीजच्या लसीचा दाखला खिशात असावा आणि विचारण्यापूर्वी दाखवावा. मुक्कामाची जागा आधी ठरवताना फोनवरचे पहिलेच वाक्य "आमच्याबरोबर कुत्रा आहे" हे असावे. शेवटच्या वाक्यात सांगणे म्हणजे यजमानाला कोंडीत पकडणे. कोणी पडवी दिली तर सारवलेल्या अंगणाचा मान राखावा. देवळाच्या आवारात त्याला नेऊ नये.

रात्री मात्र त्याला पडवीत एकटे बांधू नये. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला. तिथे बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या भक्ष्यात वजनाने सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या कुत्र्यांचा निघाला. तो मुलूख घाटावरचा, पण बिबट्या कोकणातल्या रानांतही आहे. साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याच्यासाठी वाढून ठेवलेले ताट. आपण खोलीत निजणार असू तर त्यालाही खोलीत घ्यावे. आपण पडवीत निजणार असू तर तो आपल्या हाताशी हवा.

शेवटचा मुद्दा परतीचा. पुष्कळ लोक बेतात पोचण्याच्या जागा लिहितात, फिरण्याच्या जागा लिहीत नाहीत. मी प्रत्येक मजलेपुढे दोन ओळी लिहितो. एक, इथून डांबरी रस्ता किती दूर आणि तिथे रिक्षा कोणाची मिळेल. दोन, कुत्रा चालेनासा झाला तर तेवढे अंतर मी त्याला उचलून नेऊ शकेन काय. अठरा किलोचे ओझे चादरीच्या झोळीत दोघांनी धरून किती जाते, हे घरी अर्धा तास करून पाहा म्हणजे सड्यावर भ्रम राहणार नाही. जिथे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" येते, ती मजल आखू नये. मग तिथला समुद्र कितीही सुंदर दिसत असो. आणि ज्या दिवशी सकाळी तो लंगडत उठेल, त्या दिवशी प्रवास तिथेच संपला. मित्रमंडळी म्हणतील, "अरे, दोनच मजला राहिल्या!" त्या राहू द्याव्यात. मुरुड पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

श्रोतेहो, हा विषय कुत्र्यापुरता आहे असे आपणांस वाटत असेल तर शांतपणे विचार करा. आपल्या घरात, आपल्या समाजात, आपल्या शब्दावर विसंबून मुकाट्याने मागे येणारे पुष्कळ असतात. लहान मूल येते, म्हातारी आई येते, हाताखालचा माणूस येतो. तेही सहसा नाही म्हणत नाहीत. त्यांच्या पावलांवर आपली मजल मोजण्याची सवय लागावी, यासाठी कुत्र्यासारखा गुरू नाही. कारण तो चुकीची शिक्षा करत नाही, फक्त सोसतो. धर्मराजाची परीक्षा एकदाच, वाटेच्या टोकाला झाली. आपली दर मजलेला होते.